ओल बघून रंग : आमची वाटचाल

कोल्हापुरात 'पेंटर' हे आडनावसुद्धा असतं. बाबुराव आणि आनंदराव मूळचे मेस्त्री. दोघं नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. पुढं बाबुरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, तरी गावाच्या तोंडी राहिले ते पेंटरच. आम्हीही भिंतींवर चित्रं काढतो, पण आमचं तसलं काही घराणं नाही. वडील शाहू मिलमध्ये कामाला. मी १९९५ ला दहावीत गणितात उडालो. चित्रकलेच्या एलिमेंट्री, इंटरमिजिएट परीक्षांना मात्र 'ए' ग्रेड होती, तेवढ्या दोन कागदांवर आईनं मला शुक्रवार पेठेतल्या मास्तरांच्या दुकानात नेऊन बसवलं.

मास्तर बॅनर, पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, गणपतीच्या कमानी, सगळंच करायचे. पहिले आठ महिने मी रॉकेलमध्ये ब्रश धुतले. मग जुन्या पत्र्यावर अक्षरं. त्यातही एकच जोडाक्षर, 'ल्ह'. गावाच्या नावातलंच, त्यामुळं दर तिसऱ्या पाटीत येणारं. ल अर्धा करून ह ला चिकटवला की पोट फुगतं, नाहीतर मान आखडते. मास्तर दुसऱ्या पेंटरची पाटी बघायला थांबले की आधी 'ल्ह'कडं बघायचे आणि काही न बोलता पुढं चालायला लागायचे. मला म्हणायचे, "अक्षार रेघंला टांगल्यागत दिसाय पायजे. उभं केल्यागत नको." त्यांचा 'ल्ह' खरंच दोरीवर वाळत घातलेल्या धोतरासारखा सैल उतरायचा. माझा यायला दीड वर्ष गेलं. तोवर पगार नव्हता, चहा होता.

खाका करायला तिथंच शिकलो. ब्राउन पेपरवर चित्र काढायचं, रेघेवर सुईनं बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला धरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचं चित्र. आता पोरं प्रोजेक्टर लावतात, मीही लावतो. पण भर दुपारी उन्हात प्रोजेक्टर काय कामाचा?

२००४-०५ च्या सुमारास फ्लेक्स आला आणि धंदा बसला. जो बॅनर करायला आम्हाला दोन दिवस लागायचे तो तासाभरात छापून निघायला लागला, तोही फोटोसकट. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मावतील तेवढे चेहरे! मास्तरांनी दुकान बंद केलं, पण ब्रश आणि खाक्यांची पेटी मला दिली. माझ्याबरोबरचे दोघं एमआयडीसीत गेले, एकानं रिक्षा घेतली.

मला तारलं जिल्हा परिषदेच्या शाळांनी. 'बोलक्या भिंती'चं वारं होतं. पाढे, बाराखडी, सूर्यमाला, पायरीवर मोजपट्टी, दाराच्या कोपऱ्यात कोनमापक. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी असे तालुके स्प्लेंडरवर रंगाचे डबे बांधून फिरलो. मुक्काम शाळेत, जेवण गुरुजींच्या घरी. एका शाळेत मी भूमितीचं चित्र चुकवलं, ते पाचवीतल्या पोरीनं दाखवलं. गणितात उडालेला माणूस, काय करणार! त्याच कामांच्या जोरावर २००९ ला शॉप ॲक्टचं लायसन काढलं आणि मास्तरांच्याच गल्लीत गाळा घेतला.

आता आमची चूक सांगतो, कारण फर्मच्या माहितीपत्रकात ती कधीच येत नाही. पहिलं मोठं काम मिळालं ते एका मंगल कार्यालयाच्या चाळीस फुटी कंपाउंडचं. जुनी चुन्यात बांधलेली दगडी भिंत, वर सिमेंटचा गिलावा. मी हौसेनं चांगल्या कंपनीचं एक्सटिरियर इमल्शन चोपडलं. शाहू महाराजांच्या काळातलं कुस्तीचं मैदान काढलं होतं, खासबाग. जूनमध्ये फोटो काढले, सप्टेंबरात पैलवानांच्या पाठीला फोड आले. भिंत आतून ओली होती, वरून मी प्लास्टिकसारखा थर दिला, पाण्याला बाहेर यायला वाटच ठेवली नाही. लोणा लागला, पोपडे निघाले. मालकानं उरलेले पैसे दिले नाहीत, आणि ते बरोबरच केलं. तेव्हापासून आमचा नेम आहे. कामाआधी भिंतीला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून लावायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. आत थेंब दिसले तर रंग नाही. आधी ओल कुठून येते ते शोधायचं. नवा गिलावा असेल तर महिनाभर तरी थांबायचं. गिऱ्हाईक चिडतं, चिडू दे.

२०१६ नंतर स्वच्छ सर्वेक्षण आलं आणि गावोगावच्या भिंतींना अचानक भाव आला. उड्डाणपुलाचे खांब, स्वच्छतागृहं, नाल्यांचे कठडे. काम ढीगभर, पण ते ई-टेंडरनं बड्या ठेकेदाराकडं जायचं आणि तिथून झिरपत आमच्याकडं. स्क्वेअर फुटाला दर इतका पडायचा की झाडू हातात घेतलेलं एकच चित्र शंभर वेळा काढल्याशिवाय परवडत नसे. एका ठेकेदारानं चौदा महिने बिल अडकवलं. तेव्हा बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. त्यानंतर असलं काम घेतलं नाही असं म्हणायला आवडलं असतं, दोनदा घेतलं. फक्त आता तीस टक्के आगाऊ घेतल्याशिवाय डबा उघडत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही करत नाही. लोक भिंतीवर लघवी करतात म्हणून तिथं देव काढून द्या, अशी मागणी महिन्यातून एकदा तरी येते. देवाला पहारेकरी म्हणून उभं करायचं मला जमत नाही. त्या भिंतीला आम्ही पांढरा हात मारतो, वर दिवा बसवायला सांगतो आणि जवळ मुतारी कुठं आहे त्याचा बाण काढतो. जवळ मुतारी नसली तर चित्रानं काही होत नाही, हेही तोंडावर सांगतो.

२०१७ च्या शेवटी दोन पोरांना घेऊन मुंबईला ससून डॉकवर भरलेलं चित्रांचं प्रदर्शन बघायला गेलो. मासळीच्या वासात, बर्फाच्या पाण्यात चालत गोदामांतून चित्रं बघायची. तिथल्याच कोळी लोकांचे मोठाले फोटो भिंतीवर लावले होते. एक कोळीण आपल्या शेजारणीच्या फोटोकडं बघून खो-खो हसत होती. परतीच्या गाडीत आमचा एक पोरगा म्हणाला, "दादा, आपण गल्लीत काम करतो, पण गल्लीतलं कोण काढतोय?" मला उत्तर सुचलं नाही. कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं आणि आमची गल्ली बुडाली. गाळ्यात छातीएवढं पाणी होतं. डबे तरंगून गेले याचं दुःख नाही, मास्तरांची खाक्यांची पेटी गेली. तीस वर्षांचे कागद, त्यांचा लगदा झाला. मास्तर बघायला आले, लगद्यात बोट घालून म्हणाले, "आता हातानं काढा."

पाणी उतरल्यावर गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर गाळाची सरळ रेघ राहिली होती. दोरी मारल्यासारखी. लोक धुवायला निघाले तेव्हा आमच्या पोरांनी सांगितलं, एका भिंतीवरची ठेवा. पैसे कुणाचे नव्हते. उरलेला रंग आमचा, परांचीचे बांबू मांडववाल्याचे, भाकरी घरोघरच्या. ओल वाळेपर्यंत चार महिने थांबलो, त्या काळात पोरं घरोघर जाऊन विचारत बसली, काय आधी उचललं? कुणी कागदपत्रं, कुणी शेळी, कुणी गॅसची शेगडी, एका म्हाताऱ्यानं फुटबॉलच्या ढाली. तेच काढलं. रेघेच्या खाली पाण्यात बुडालेली गल्ली, रेघेच्या वर डोक्यावर वस्तू घेतलेली माणसं. चेहरे गल्लीतलेच. समोरच्या आज्जी रोज खुर्ची टाकून बसायच्या. मी रेघ ठळक करताना जरा वर सरकलो, तर ओरडल्या, "आरं, हितंवर नव्हतं पाणी. उगं वर मारू नगंस, पोरं भ्यात्याली."

तालमीतल्या पोरांशी एकदा जुंपली. दोन तालमींच्या हद्दीवरची भिंत, आणि फुटबॉलच्या ढाली धरलेल्या म्हाताऱ्याच्या जर्सीला रंग कोणता? कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, यावरून डोकी फुटतात. म्हातारा उघडाच काढला. आता दोन्ही बाजू म्हणतात, तो आमचा.

त्या भिंतीतून आमच्याकडं शिकाऊ पोरं यायला लागली. मी मास्तरांची एक रीत मोडली. पहिल्या दिवसापासून रोजाचे पैसे देतो, कमी का असेना. ब्रश धुवायला लावतो, पण आठ महिने नाही. आज आम्ही सहा जण आहोत, त्यात दोन मुली. परांचीवर मुलगी चढली की खालून सल्ले देणारे जमतात, म्हणून पहिला आठवडा तिच्या आईलाच खाली बसवलं. सल्ले बंद झाले. शिकून बाहेर पडलेले चौघं आहेत, त्यातला एक गेल्या वर्षी शाळेच्या कामात माझ्यापेक्षा तीन रुपये कमी दर भरून काम घेऊन गेला. राग आला. काम बघायला गेलो तर कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता.

जुलै २०२१ ला पाणी परत आलं. चित्र टिकलं, खालचा हातभर पट्टा तेवढा गेला. गाळाची नवी रेघ जुनीच्या चार बोटं वर उमटली, ती शिकाऊ पोरीनं रंगवली आणि शेजारी साल लिहिलं. या वेळी आज्जींनी मापात खोट काढली नाही. चित्रातल्या माणसांच्या वर अजून तीन फूट भिंत कोरी आहे. तिथं काय काढू म्हणून मी दर दिवाळीला विचारतो. आज्जी म्हणतात, "ऱ्हाऊ दे तशीच."