पेपरच्या टेबलावरचे आप्पा

नांदेड जिल्ह्यात तेलंगणाच्या शिवेला लागून असलेल्या एका तालुक्याच्या गावी मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. ब वर्गाचं सार्वजनिक वाचनालय, 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानावर चालणारं. दोन हॉल, कपाटांची एक खोली, आणि सकाळी शटर वर करायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेली म्हातारी मंडळी, ज्यांना पेपर कोराकरकरीत हवा असतो.

शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून आम्ही दुपारी लहान लेकरांसाठी गोष्टीचा तास सुरू केला होता. पहिली ते तिसरीची लेकरं, सतरंजी टाकायची, पुस्तकं खाली जमिनीवर मांडायची म्हणजे लेकराचा हात पोचतो आणि कव्हर दिसतं, कारण कपाटात उभी लावलेली पुस्तकं लहान लेकराच्या कामाचीच नसतात. येणारी लेकरं सगळ्या तऱ्हेची. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली, उर्दू शाळेतली, तांड्यावरची ज्यांच्या घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात, आणि थोडी घरी तेलुगू बोलणारी, कारण आमच्याकडं धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या पट्ट्यात तेलुगू काही परकी नाही, सोयरीकसुद्धा तिकडं होते.

आता गोष्ट वाचणार कोण, तर मी, आणि मराठीत. मराठी शाळेतली लेकरं मधेमधे बोलायची, पुढं काय होईल सांगायची. बाकीची गुमान चित्रं बघत बसायची. लोक लगेच म्हणतात हे लेकरू कच्चं आहे. मला ते कधीच पटलं नाही, कारण अक्षर ओळखणं हे एक काम आणि त्या शब्दाचा अर्थ लागणं हे दुसरं, घरच्या भाषेत शिकणाऱ्या लेकराचं दुसरं काम आधीच झालेलं असतं, ते चार-पाच वर्षं तोच शब्द ऐकत असतं, आणि ज्याच्या घरची भाषा वेगळी त्याच्यावर दोन्ही कामं एकदम पडतात.

म्हणून मी स्टोरीवीव्हरवरून गोष्टी काढायला लागले. प्रथम बुक्सनं 2015 ला सुरू केलेली साईट आहे, एकच गोष्ट, तीच चित्रं, कितीतरी भाषांत, फुकट डाऊनलोड करायची आणि छापायलाही परवानगी. बकरी हरवते अशी एक गोष्ट मराठीत आणि उर्दूत काढली, कलर प्रिंट मारल्या. झेरॉक्सवाल्या दादांनी सवयीनं उर्दूच्या कॉपीलाही डावीकडून स्पायरल मारलं, मग पुस्तक उलटंच उघडायला लागलं, ते काढून परत उजवीकडून मारून घेतलं. उर्दू शाळेच्या एक बाजी, म्हणजे तिथल्या बाई, येऊन वाचणार होत्या.

हे 2019 चं, विधानसभेच्या इलेक्शनच्या आधीचं. ऐन शनिवारी बाजींचा फोन, म्हणे ट्रेनिंग लागलं, येता येत नाही. इकडं लेकरं येऊन बसलेली, उर्दू शाळेतली जरा जास्तच नटून आलेली कारण त्यांना सांगितलं होतं आज आपल्या पुस्तकातली गोष्ट आहे. त्यांच्यातल्या मोठ्या पोरीच्या हातात पुस्तक दिलं, ती एकेक अक्षर लावत दोन ओळी वाचून थांबली आणि माझ्याकडं बघायला लागली. मला उर्दू अक्षर येत नाही. मी म्हणलं ठीक आहे, आज मराठीतलंच वाचू, तेवढ्यात पेपरच्या टेबलावरून आवाज आला, "बाई, आना बरं ते इकडं."

आप्पा. धोतर, पांढरी टोपी, वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, शेतकरी माणूस, रोज सकाळ-दुपार पेपर वाचणारे. मला एवढंच माहीत होतं की लोक अधूनमधून जुने कागद घेऊन त्यांच्याकडं येतात, निजामाच्या काळातले जमिनीचे, उर्दूत लिहिलेले, आणि आप्पा चष्मा वर करून कागद डोळ्याजवळ नेऊन वाचून दाखवतात. पण ते आणि लेकरांची गोष्ट हे माझ्या डोक्यात कधी जोडलंच गेलं नव्हतं.

आपल्याकडं 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थान. कचेरी उर्दूत, कोर्ट उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, 1918 ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठ तर उर्दूतूनच शिकवायचं. म्हणून त्या काळात शाळेत गेलेल्या आपल्या भागातल्या बऱ्याच जणांना उर्दू लिहिता-वाचता यायचं. आप्पा तेव्हाच्या शाळेत गेलेले.

सतरंजीवर बसवेना म्हणून खुर्ची दिली. त्यांनी पुस्तक उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, बोट उजवीकडून डावीकडं हळूहळू चाललंय, ओठ आधी हलतात मग आवाज येतो. पहिलं पान अडखळत गेलं. दुसऱ्या पानाला आवाज सुटला. तिसऱ्या पानाला बकरीचं ओरडणं होतं ते त्यांनी असं काही काढलं की मागच्या हॉलमधून एक जण उठून बघायला आला. बकऱ्या पाळलेल्या माणसाचं ओरडणं ते, आमच्यासारखं नाही. मधेच त्या मोठ्या पोरीनं न राहवून विचारलं, "दादा, आपकू उर्दू आती?" आप्पा म्हणाले, "आती ना बेटा, मेरा पयला सबक उर्दूमेच था." ती पोरगी खुर्चीला चिकटूनच बसली मग.

आम्ही ठरवलं नव्हतं पण आपोआप असं झालं की आप्पांनी एक पान उर्दूत वाचायचं आणि तेच पान मी मराठीत. मराठी शाळेतल्या एका पोरानं आपलं पुस्तक उर्दूच्या पुस्तकाशेजारी ठेवून पानं जुळवायला घेतली, हे इकडून उलटायचं, ते तिकडून. "म्याडम, याची बकरीबी तीच हाय!" असं ओरडला. मग सगळीच चित्रं जुळवायला लागली, एकमेकांच्या अंगावर पडून.

आणि तांड्यावरची एक पोरगी, दुसरीतली, तिच्या मांडीवर तिचा तीन-साडेतीन वर्षांचा भाऊ, ती त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होती आणि ते लेकरू खुदखुदत होतं. आप्पांनी वाचणं थांबवलं. "मोठ्यानं सांग की माय, आम्हालाबी ऐकू दे." ती लाजली, मान खाली. आप्पा थांबून राहिले, घाई नाही केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आपण मोठी माणसं तिथंच पुढच्याकडं वळतो. मग ती बोलली. अख्खी गोष्ट गोरमाटीत, पुस्तकात नसलेला तांड्यावरचा कुत्रा घालून, आणि पुस्तकात बकरी देवळामागं सापडते ती हिच्या गोष्टीत उसाच्या फडात सापडली. हिचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. सगळ्या लेकरांना सगळं कळलं. एवढे शनिवार ती येत होती, तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सगळ्यांना हे आवडलं असं नाही. पेपर वाचणाऱ्यांपैकी एकानं गोंगाटाची तक्रार केली आणि वर उर्दूच कामून असंही विचारलं. मी काही बोलायच्या आधी आप्पाच बोलले, "आपला बाप ज्या भाषेत शेतसारा भरत होता ती भाषा हाय ती, लेकरांना वाचू दे." त्यावर विषय संपला.

पुढं आप्पांनी त्यांच्या वयाचे अजून दोघं आणले. कोरोनात वाचनालय बंद पडलं तेव्हा त्यांचा नातू फोनवर त्यांच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून आम्हाला पाठवायचा आणि मी त्या लेकरांच्या घरच्यांच्या व्हॉट्सॲपला टाकायचे. त्याच वर्षी नवं शैक्षणिक धोरण आलं, त्यात शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा म्हणलंय, आणि 2021 ला केंद्राचं निपुण भारत अभियान आलं, तिसरीपर्यंत प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं म्हणून. दोन्ही चांगलंच आहे. पण शाळेत एक मास्तर आणि वर्गात चार भाषा असतील तर तो मास्तर काय करणार, तिथं गावातल्या म्हाताऱ्या माणसांशिवाय इलाज नाही, आणि ती माणसं प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात पेपर घेऊन बसलेलीच असतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

माझ्या लाईनीतल्या लोकांना काही गोष्टी सांगते. म्हाताऱ्या माणसाला बारीक अक्षर देऊ नका, प्रिंट मोठ्या अक्षरात काढा. दोन्ही भाषांच्या कॉपीत चित्रं तीच पाहिजेत, नाहीतर मजा जाते. ज्या बोलीचं पुस्तक मिळत नाही तिच्यात लेकरालाच सांगू द्या आणि ते सांगतंय तसं देवनागरीत उतरवून घ्या, आम्ही त्या पोरीची फडातली बकरी अशीच लिहून, लेकरांकडून चित्रं काढून पुस्तक केलंय, सगळ्यात जास्त तेच फाटलंय, दोनदा नवी कॉपी काढली. फाटलेल्या पुस्तकांचा हिशोब स्टॉक रजिस्टरला कसा दाखवायचा हा प्रश्न येतो, त्यासाठी हे असे प्रिंट वेगळ्या वहीत ठेवा, दाखलपुस्तकात घेऊच नका.

तेलुगूचं अजून अडलंय. गोष्टी काढून ठेवल्यात, स्पायरल पण झालंय, वाचणारं माणूस पाहिजे. मोंढ्यात मिरची निवडायला येणाऱ्या एक आजी आहेत, त्यांना अक्षर येत नाही पण गोष्टी येतात म्हणे लई. येत्या शनिवारी त्यांना घेऊन यायचं ठरलंय.