आमची वाटचाल: कानाची कमाई आणि मुकी एसएसडी

पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या मागच्या बोळात 2003 साली गेलेला डेटा परत काढून द्यायचं दुकान थाटलं तेव्हा भांडवल म्हणजे मावसभावाचं टेबल, एक सोल्डरिंग आयर्न आणि माझे कान. हार्ड डिस्क कानाशी धरली की हेड (तबकडी वाचणारं टोक) गेलंय की मोटर अडकलीय, ते कळायचं. हेड बदलताना ती एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लागणारे कंगवे मी स्वतः कापून बनवले होते. अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली.

2016 मध्ये लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला. फोल्डर चुकून डिलीट झालेलं. सवयीने बोलून गेलो, "उद्या घेऊन जा." आत एसएसडी होती, म्हणजे सगळं चिपवर, फिरणारं काहीच नाही. रात्रभर स्कॅन केलं. फाइलींची नावं मिळाली, आत नुसती शून्यं. हार्ड डिस्कवर डिलीट केलेलं, वर दुसरं काही लिहीपर्यंत तसंच पडून असतं. एसएसडीत लिहायचं पानापानाने, पण पुसायचा तो अख्खा ब्लॉक, म्हणजे पानांचा गठ्ठा. म्हणून विंडोज ट्रिम नावाच्या आदेशाने कळवून टाकतं की ही पानं आता नकोत, आणि कंट्रोलर (एसएसडीचा कारभार पाहणारी चिप) सवडीने झाडलोट उरकतो. तिथे माझ्या कानाचा काय उपयोग!

समोरच्या दुकानदाराने (नाव घेत नाही) गल्लीभर केलं, "यांच्या हातून डेटा गेला." गेला होता तो माझ्याकडे यायच्या आधीच, पण ऐकतंय कोण? सहा महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. मावसभाऊ भागीदारीतून बाहेर पडला, जाताना टेबलही घेऊन गेला. पुढे त्याच समोरच्याने 512 जीबी म्हणून विकलेली एक एसएसडी माझ्याकडे आली. भरून पाहिली, तर 64 जीबीपुढची एकही फाइल उघडेना. मी गल्लीत बोललो नाही. इथे बोलतोय.

त्या दिवसांत सदाशिव पेठेतल्या एका सीए मॅडमनी अकरा मशीनचं काम आमच्याकडेच ठेवलं. मी त्यांना तेव्हाच बजावलं होतं, आणि तुम्हालाही सांगतो: एसएसडी टकटक न करता मरते, तेव्हा दुसरी प्रत हार्ड डिस्कवर हवीच. काठोकाठ भरू नका, डीफ्रॅग (फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करून उगाच झिजवू नका. वापरून जुनी झालेली तर कपाटात वर्षानुवर्षं ठेवूच नका. विजेविना, डेटा धरून ठेवणाऱ्या सेलमधला चार्ज हळूहळू झिरपतो.

2021 च्या जुलैत, रिटर्नच्या धांदलीत, मॅडमच्या मशीनचा कंट्रोलर गेला. दुसऱ्या प्रतीवरून दुपारपर्यंत काम सुरू झालं. बिलात मात्र त्यांनी दोनशे रुपये कमी करायला लावलेच.