माझा अनुभव: रक्त पातळ करायची गोळी चालू असताना कोविडची लस घेणं, आणि त्यासाठी लागलेल्या तीन चिठ्ठ्या

माझ्या फायलीत एकाच डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या आहेत, तिन्ही २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतल्या. पहिल्या दोन लसीकरण केंद्राने परत पाठवल्या, तिसरी चालली. लस घ्यायची की नाही हे ठरायला मला एक संध्याकाळ पुरली. ते केंद्रावरच्या टेबलाला पटवण्यात पाच आठवडे गेले. त्याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

डाव्या पायाच्या खोल शिरेत दोनदा गुठळी झाली, दुसऱ्या वेळी तिचा तुकडा फुप्फुसात गेला. तेव्हापासून ॲसिट्रॉम ही रक्त पातळ करायची गोळी कायमची, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा. अशा माणसाने लसीबद्दल विचारलं की तीन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. माझ्या रक्तविकारतज्ज्ञांनी आधी तेच सुटे केले.

पहिला प्रश्न सुईचा. गोळीमुळे रक्त थांबायला वेळ लागतो, म्हणून दंडाच्या स्नायूत रक्त साकळू शकतं. त्यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. दुसरा प्रश्न जुन्या गुठळीचा. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली, एवढ्यावरून कोविशील्ड टाळायचं कारण नव्हतं. उलट कोविड झाला तर गुठळ्यांचा धोका कितीतरी मोठा. दाखल झालेल्या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं त्यासाठीच देत होते. तिसरा प्रश्न बातम्यांमधल्या त्या दुर्मीळ प्रकाराचा, ज्यात गुठळ्या होतात आणि त्याच वेळी प्लेटलेट उतरतात. त्याचं कारणच निराळं. शरीर प्लेटलेटमधल्या पीएफ-४ नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती प्लेटलेटना चिकटायला लावतात. पायातल्या नेहमीच्या गुठळीशी त्याचा संबंध नाही. म्हणून डॉक्टरांनी मला दोनच गोष्टी खोदून विचारल्या: पूर्वी हेपारिन दिल्यावर प्लेटलेट उतरले होते का, आणि मेंदूच्या शिरेत कधी गुठळी झाली होती का. दोन्हींना उत्तर 'नाही' होतं. 'हो' असतं तर त्यांनी दुसऱ्या पद्धतीच्या लसीचा विचार केला असता. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

आता ते टेबल. तिथल्या मुलीने विचारलं, "ताई, रक्त गोठण्याचा विकार आहे का?" मी खरं ते सांगितलं, "हो." तिथेच सगळं अडलं.

हा प्रश्न मराठीत असा विचारला की दोन उलट आजार एका शब्दात येतात. हिमोफिलियात रक्त लवकर गोठत नाही, माझ्यात नको तिथे गोठतं. दोन्ही 'रक्त गोठण्याचा विकार'च. १४ जानेवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या पत्रात रक्तस्रावाचा किंवा रक्त गोठण्याचा विकार असलेल्यांना लस काळजीपूर्वक द्यावी असं होतं, आणि उदाहरणं गोठणघटकांची कमतरता, प्लेटलेटचे विकार अशी होती. म्हणजे रोख रक्तस्रावाकडे. त्याच महिन्यात कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी ती घेऊ नये असं छापलं होतं, तर कोविशील्डच्या पत्रकात फक्त 'लस देणाऱ्याला सांगा' एवढंच. टेबलापर्यंत येईतो या तिन्हींचा एक नियम झाला होता: गोळी चालू असेल तर परत पाठवा, चिठ्ठी आणायला सांगा.

पहिली चिठ्ठी आणली. 'लसीकरणासाठी फिट', सही, शिक्का. टेबलावर विचारणा: आजार कुठला, गोळी कुठली, लिहिलेलं नाही. परत. मग ३० एप्रिल ते २ मे मुंबईत साठाच नव्हता म्हणून लसीकरण बंद राहिलं.

दुसऱ्या चिठ्ठीत आजार आला, गोळीही आली, पण डॉक्टरांनी तिचं जुनं नाव लिहिलं होतं, निकोमॅलोन. मी पर्समधून पाकीट काढून दाखवलं, त्यावर मोठ्या अक्षरांत ॲसिट्रॉम. "ही वेगळी गोळी आहे, काकी." पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ॲसिनोकूमॅरॉल आणि निकोमॅलोन दोन्ही छापलेलं असतं, पण मागची रांग जिन्यापर्यंत गेलेली असताना ते कोण वाचणार? आणि मग शेजारच्या टेबलावरून सल्ला आला, "पाच दिवस गोळी बंद करून या, मग देतो."

हे करू नका. मोठ्या ऑपरेशनच्या आधी ही गोळी काही दिवस थांबवतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि तो नियम कुणीतरी दंडातल्या सुईला लावला होता. दोनदा गुठळी झालेल्या माणसाने स्वतःच्या मनाने पाच दिवस ॲसिट्रॉम बंद केली तर आयएनआर खाली येतो आणि तिसरी गुठळी व्हायला वाट मोकळी होते. रिव्हारोक्सबॅन, ॲपिक्सबॅन, डॅबिगॅट्रान, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काहीही चालू असलं तरी लसीसाठी बंद करायचं नाही. माझ्यामागे उभे असलेले गृहस्थ तो सल्ला ऐकून मान डोलावत घरी निघाले होते. मी त्यांना जिन्यात गाठून सांगितलं, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

१५ मेपासून वादळासाठी पुन्हा बंद. १७ तारखेला तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून जात होतं, आणि नेमका त्याच दिवशी केंद्र सरकारच्या समितीचा अहवाल आला: तपासलेल्या ४९८ गंभीर प्रकरणांपैकी २६ मध्ये गुठळ्यांची शक्यता, म्हणजे कोविशील्डच्या दहा लाख डोसमागे ०.६१. ब्रिटनचा आकडा त्यात ४ दिला होता, जर्मनीचा १०. मला तो वाचून धीर आला. केंद्रावरची माणसं मात्र आणखी बिचकली.

तिसऱ्या चिठ्ठीसाठी मी डॉक्टरांसमोर बसून एकेक ओळ लिहून घेतली. आजाराचं नाव आणि वर्ष. मग 'ही रक्तस्राव होण्याची व्याधी नाही' हे वाक्य, ठळक. टेबलावरच्या सिस्टरने बोट ठेवून वाचलं ते हेच, आणि दार उघडलं तेही यानेच. पुढे गोळीची दोन्ही नावं आणि डोस. आयएनआर २.४, तीन दिवसांपूर्वीचा, रिपोर्ट टाचलेला. 'गोळी बंद न करता स्नायूत इंजेक्शन देता येईल, नंतर न चोळता दाब द्यावा.' शेवटी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि फोन. आयएनआर ठरलेल्या वरच्या मर्यादेच्या खाली हवा. त्याच्या वर (माझ्यासाठी ३) गेला असेल तर आधी डोस नीट करून घ्या. रिव्हारोक्सबॅनसारख्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, तिथे 'लागत नाही' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर रिपोर्ट मागत बसतात.

टोचायला दोन सेकंद. सुई २३ गेजची किंवा त्याहून बारीक हवी. केंद्रावरच्या अर्ध्या मिलिलिटरच्या सिरिंजला बहुधा २३ चीच असते. कापसाचा बोळा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घट्ट दाबायचा, किमान दोन मिनिटं, मी पाच दाबला. चोळायचं नाही. सिस्टर सवयीने चोळायला जातात, आधीच सांगा. दंडावर रुपयाएवढा निळा डाग पडला, आठवड्यात गेला.

ताप आला तर साधं पॅरासिटामॉल. कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेन असतं आणि गोळीबरोबर ते रक्तस्राव वाढवतं. दोन-तीन दिवस जेवण गेलं, ताप राहिला, तर ॲसिट्रॉमवाल्यांचा आयएनआर वर सरकतो. आठवड्याभरात एकदा तपासून घ्या.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती: लसीच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची साधी तपासणी, करून ठेवा. प्लेटलेटचा आपला नेहमीचा आकडा माहीत असेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ येतो. मुंबईत पावसाळ्यात ताप आणि उतरलेले प्लेटलेट म्हटलं की सगळे डेंग्यू धरतात, आणि बहुतेकदा तो डेंग्यूच असतो. पण कोविशील्डसारखी लस घेऊन चार ते बेचाळीस दिवस झालेले असतील आणि न थांबणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, धाप, छातीत किंवा पोटात दुखणं, पायाला सूज, टोचलेल्या जागेपासून लांब लाल ठिपके यांतलं काही असेल, तर कॅज्युअल्टीत पहिल्याच वाक्यात लसीची तारीख सांगायची. त्या दुर्मीळ प्रकाराचा संशय असेल तर नेहमीसारखं हेपारिन सुरू करत नाहीत, आणि पीएफ-४ विरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी एलायझा या प्रयोगशाळेतल्या पद्धतीनेच हवी. झटपट किटमध्ये ती सुटून जाऊ शकतात.

दुसरा डोस त्याच चिठ्ठीवर, ताजा आयएनआर टाचून, वीस मिनिटांत झाला. त्यानंतर चौदा दिवसांनी, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, लोकलचा पास.

एप्रिल २०२४ च्या शेवटी बातमी आली, की ॲस्ट्राझेनेकाने (कोविशील्ड ही त्यांचीच लस) ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदांत तो दुर्मीळ प्रकार लसीने होऊ शकतो हे मान्य केलं, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधले चौघे डी-डायमर (शरीरात गुठळी असेल तर वाढणारी रक्ततपासणी) करून आले. लसीमुळे होणारा तो प्रकार पहिल्या काही आठवड्यांतच होतो. तीन वर्षांनी डी-डायमर करून त्याबद्दल काही कळत नाही, आणि वय, सूज, साधा संसर्ग यांनीही तो वाढतो. त्यातल्या एका काकूंचा थोडा वाढलेला आला. लसीच्या धसक्याने त्यांनी आठवडाभर झोप घालवली.

फ्लूची लस मी दरवर्षी पावसाच्या आधी घेते, तीही स्नायूतच असते, नियम तेच. चिठ्ठीवरची तारीख आणि आयएनआर तेवढा नवीन लागतो.