"ताई, बॅटरी गेली" (आमच्या इन्व्हर्टरचा अनुभव)

मे महिन्यातला वळीव म्हणजे नाशिककरांना माहितीच आहे, चार वाजेपर्यंत अंगाची लाही लाही आणि पाच वाजता एकदम वारा, धूळ, विजा आणि लाईट गायब. त्या शनिवारी आमच्या म्हसरूळला असाच पाऊस झाला, कुठेतरी तारेवर झाड पडलं म्हणे आणि लाईट गेली ती थेट रविवारी सकाळी आठला आली. रात्रभर दोन पंखे आणि एक ट्यूब इन्व्हर्टरवर चालू होतं, पहाटे चारच्या सुमारास त्याने टीं टीं करून मान टाकली. त्याबद्दल तक्रारच नाही, साडेतीन वर्षं जुनी १५० एएच (ॲम्पिअर-अवर) क्षमतेची ट्युब्युलर बॅटरी, तिने रात्र बऱ्यापैकी काढली म्हणजे कौतुकच.

गंमत पुढे झाली. आठला लाईट आली, इन्व्हर्टरने चार्जिंगचा दिवा लावला आणि साडेआठला मी चहाचे कप विसळत होते तर दिवा 'फुल' दाखवतोय. मला वाटलं वा, काय फास्ट आहे! नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईने असं वाटून घ्यावं म्हणजे कमालच, पण खरं सांगते तेव्हा डोक्यात आलंच नाही. संध्याकाळी घरी क्लास चालू असताना परत लाईट गेली, पंखा जेमतेम दोन फेऱ्या फिरला आणि इन्व्हर्टर बंद. अकरा पोरं अंधारात खिदळायला लागली, एकाने मोबाईलचा टॉर्च हनुवटीखाली धरून भूत केलं, झाला क्लास.

सोमवारी नेहमीच्या दुकानातून मेकॅनिक आला. त्याने झाकणं उघडली, हायड्रोमीटर बुडवला, काचेतला फ्लोट पार खाली बसला होता, ग्रॅव्हिटी (ॲसिड पाण्याच्या तुलनेत किती जड आहे ते माप, पाण्याचं १०००, बॅटरी उतरली की कमी होतं) ११०० च्या आसपास. चार मिनिटांत निकाल, "ताई, बॅटरी गेली. अर्ध्या तासात फुल दाखवते आणि लोड टाकला की बसते, म्हणजे प्लेटा गेल्या." नवीन सोळा हजार, जुनी दिली तर अडीच हजार कमी. वॉरंटी दोनच महिन्यांपूर्वी संपलेली, आता याला काय म्हणायचं.

मी त्याला खोटारडा म्हणत नाही हां. खराब झालेल्या बॅटरीचं अगदी असंच होतं, आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट जमलं की बॅटरी चार्जच घेत नाही, व्होल्टेज पटकन वर चढतं, इन्व्हर्टरला वाटतं भरली, आणि लोड आला की सगळं खाली. त्याने रोज बघितलेलं तेच सांगितलं. पण आमचे सासरे, अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेले, नोटा मोजणाऱ्या जागी आयुष्य गेलेलं त्यामुळे कुणाच्याही तोंडच्या आकड्यावर विश्वास नाही. ते म्हणाले, "सोळा हजार असे द्यायचे नाहीत. आधी आपण मोजू."

मग मी एम.जी. रोडला जाऊन व्होल्टेज मोजायचा एक साधा पिवळा मल्टीमीटर आणला, अडीचशे रुपयांचा. मोजायच्या आधी सोप्या गोष्टी बघून घेतल्या. इन्व्हर्टरच्या मागचं छोटं एमसीबीचं (जास्त करंट गेला की उडतं ते) बटण बाहेर आलंय का, नाही. मागे जो यूपीएस आणि नॉर्मलचा खटका असतो तो कुठे आहे, कारण यूपीएस मोडमध्ये घरातलं व्होल्टेज १८० च्या खाली गेलं की बरेच इन्व्हर्टर मेन लाईट घेतच नाहीत, मग चार्जिंगही नाही, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू झाले की व्होल्टेज पडतं. आमचा खटका नॉर्मलवर होता आणि सॉकेटला २२८ आलं. म्हणजे तिकडून काही अडचण नाही.

टर्मिनलवर मात्र पांढरी-हिरवट पावडर जमलेली होती, बुरशी आल्यासारखी. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासली, फसफस करत निघाली. झाकणांच्या भोकांतून सोड्याचं पाणी आत जाऊ द्यायचं नाही एवढं सांभाळलं. वाटलं हेच असणार. टर्मिनल चकचकीत, नट घट्ट, चार्जिंग चालू, आणि अर्ध्या तासाने परत फुल. हात्तिच्या!

इथे अण्णांची डायरी कामाला आली. त्यांच्याकडे बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कधी घातलं याच्या तारखा असतात (आणि दूधवाल्याचे खाडे, आणि कुकरचं रबर कधी बदललं ते). शेवटची नोंद रविवार सकाळ! लाईट आल्या आल्या त्यांनी सहाही सेलमध्ये, म्हणजे बॅटरीतल्या सहा कप्प्यांत, पाणी भरलेलं, रात्रभर राबली बिचारी, तहान लागली असेल म्हणून. आता बघा, घातलेलं पाणी वरच राहतं, ते खालच्या ॲसिडात मिसळायला चार्जिंग व्हावं लागतं, बुडबुडे यावे लागतात. चार्जिंगच झालं नाही तर वरून ओढलेलं सँपल पाणचटच येणार. म्हणजे मेकॅनिकने मोजली ती बॅटरीची ग्रॅव्हिटी कमी आणि अण्णांच्या पाण्याची जास्त. पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं असतं, आधी नाही, प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, तेही नुसत्या बुडतील एवढं. अण्णा यावर काही बोलले नाहीत, डायरी मिटली आणि पेपर वाचायला गेले.

पण अजून एक गोष्ट होती. मी हायड्रोमीटरने परत सहाही सेल मोजले आणि कालनिर्णयच्या मागे पेन्सिलीने लिहिले. ११००, ११०५, ११००, ११००, १०९५, ११०५. सगळे सारखेच खाली. एखादा सेल मेला असता तर तो एकटा वेगळा दिसला असता, पाच बरे आणि एक पार तळाला. सगळे एकजात खाली म्हणजे ही बॅटरी मेलेली नसून उपाशी असण्याची शक्यता जास्त. परीक्षेत सगळ्या वर्गालाच पस्तीस पडले तर पोरं ढ नसतात, धडा शिकवायचा राहिलेला असतो.

आता खरा प्रकार. मल्टीमीटर डीसी २० वर ठेवून, चार्जिंग चालू असताना, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर धरला. ११.९. इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर बॅटरी व्होल्टेज फिरत फिरत येतं, तिथे १४.१. मी तीनदा बघितलं. चार्ज होणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर निदान साडेबाराच्या वर आणि भरत आली की चौदाच्या आसपास दिसायला पाहिजे, ११.९ म्हणजे तिला कुणी विचारतच नाहीये. आणि इन्व्हर्टर म्हणतोय मी तर १४.१ देतोय. दोघांतलं एक कोणीतरी खोटं बोलतंय, मला आधी माझा अडीचशे रुपयांचा मीटरच खोटा वाटला, म्हणून भिंतीवरच्या घड्याळासाठी आणलेला नवा सेल मोजला, १.५८ आला, म्हणजे मीटर बरोबर. मेकॅनिक म्हणतो तसं प्लेटा गेलेल्या असत्या तर टर्मिनलवरच चौदा दिसलं असतं. इथे टर्मिनलवर काहीच पोचत नव्हतं.

तर मधले दोन व्होल्ट गेले कुठे? वीस वर्षं फळ्यावर लिहितेय, विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध, आणि माझ्याच जिन्याखाली दोन व्होल्ट वाटेत सांडतायत. मध्ये आहे काय, तर एक लाल वायर आणि एक काळी वायर, दीड मीटरची. बस.

इथे मी नणंदेच्या मुलाला फोन केला. तो अंबडला पॅनल बनवणाऱ्या कंपनीत वायरिंग करतो. "मामी, हात लावू नका, मी येतो," म्हणाला आणि शिफ्ट संपवून, द्वारकेच्या ट्रॅफिकमधून सव्वा तास घासत, रात्री आठला पोचला. आल्या आल्या पहिलं काय सांगितलं तर, "मामी, हातातल्या बांगड्या काढा आणि मंगळसूत्र ड्रेसच्या आत घाला." दोन्ही टर्मिनलना धातू एकदम टेकला तर बांगडी लाल होऊन हातातच वेल्ड होते म्हणे. त्याचा पानाही टेपने गुंडाळलेला होता. दुसरं, शेजारच्या देवघरातली उदबत्ती विझवली, कारण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि आमची जिन्याखालची जागा म्हणजे बंद खोकाच. इतकी वर्षं तिथे रोज उदबत्ती लागतेय, मी आणि अण्णा एकमेकांकडे बघतच राहिलो.

मग त्याने जे केलं ते मी पुढच्या वर्षी वर्गात करून दाखवणार आहे. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस टर्मिनलवर, दुसऱ्या टोकाला शिवणाची सुई बांधून ती लाल वायरच्या रबरात टोचली, इन्व्हर्टरजवळ. चांगल्या वायरला हे दोन्ही बिंदू जवळजवळ एकच, शून्यच्या आसपास यायला पाहिजे, फार तर ०.१-०.२. आलं २.१. काळ्या वायरला तसंच केलं, ०.०४. म्हणजे चोर लाल वायरमध्ये. मग सुई सरकवत सरकवत बॅटरीकडे आणली, २.१, २.१, २.१, अगदी थिंबलपासून चार बोटांवर तरी २.१, आणि सुई थेट थिंबलच्या धातूला लावली की ०.०३. थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली ती भोकाची पट्टी, जी नटखाली जाते. चोर थिंबल आणि वायर यांच्या सांध्यात.

क्लॅम्प मीटरने (वायरीला चिमट्यासारखा पकडून करंट मोजतो तो) करंट बघितला, १.८ ॲम्पिअर, जिथे १२-१५ जायला पाहिजे तिथे. मी लगेच मनात भागाकार केला, २.१ भागिले १.८, सव्वा ओहमच्या आत-बाहेर. ऐकायला काहीच नाही ना? पण पंखा लावला की बॅटरीतून सहा-सात ॲम्पिअर ओढले जातात, सव्वा ओहममध्ये त्याचेच सात-आठ व्होल्ट खाऊन टाकले, इन्व्हर्टरला उरले चार, तो लो बॅटरी म्हणून बंद पडला. आणि चार्जिंगला त्याला त्याच्या टोकाला चौदा दिसतात म्हणून भरली समजून हात आखडता घेतो. टाकीत पाणी नाही पण फ्लोटवाली कॉकच वर अडकलीय, तसं.

सगळं बंद करून, मेन पिन काढून, त्याने लाल वायर सोडवली आणि थिंबल कापलं. बाहेरून अगदी ठणठणीत, मी सोड्याने घासून चकचकीत केलेलं! आत तांब्याच्या तारा काळ्या, आणि मध्ये हिरवा भुगा. बोटाने दाबला तर चुरा झाला. ॲसिडची वाफ आणि ओल तारांच्या मधून रबराच्या आत वर चढते, दोन इंच कापलं तरी तार काळीच होती, म्हणून मग जुनी वायर जोडत बसायचं नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्याने शालिमारहून १६ स्क्वेअर मिलिमीटरची लाल-काळी वायर आणि टिनचा मुलामा असलेली थिंबलं आणली, कंपनीतल्या साहेबांना विचारून थिंबल दाबून बसवायचं हायड्रोलिक क्रिम्पिंग टूल आणलं (पक्कडीने दाबलेलं थिंबल वर्षभरात परत हेच करतं म्हणाला), वर हीटश्रिंक नळी (गरम केली की आवळून बसते ती), आणि सगळं बसवून झाल्यावर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा थर. खर्च सगळा मिळून ६४० रुपये. त्याने मजुरी घेतली नाही, आमरस-पुरी खाऊन गेला, वाट्या मोजल्या नाहीत.

चार्जिंग चालू केलं तेव्हा मी आणि अण्णा मीटर धरून जमिनीवरच बसलो होतो. टर्मिनलवर १२.६, मग १२.९, तासाभरात १३.१. त्याच्या क्लॅम्प मीटरवर १३ ॲम्पिअर. अण्णांनी डायरीत लिहून घेतलं. घाई करायची नाही हे ठरलेलं होतं, इतकी उपाशी बॅटरी भरायला एक रात्र पुरत नाही, दीड दिवस लागला, दुसऱ्या दिवशी कान लावला तर आतून सोडा वॉटरसारखा बारीक आवाज यायला लागला, म्हणजे आता पाणी-ॲसिड मिसळतंय.

एक नुकसान झालंच. ज्या दिवशी टर्मिनल घासली त्या दिवशीचा पंजाबी ड्रेस, तेव्हा काहीच दिसलं नाही, धुवून वाळत घातला तर ओढणीला आणि मांडीवर बारीक बारीक सोळा भोकं. ॲसिडचा थेंब सुती कपड्यावर पडला की धुतल्यावरच कळतं. जुना गाऊन घालायला हवा होता.

कापलेलं थिंबल मी क्लासच्या टेबलावर पेनस्टँडमध्ये ठेवलंय. परवा त्या भूत करणाऱ्या पोराने ते उलटसुलट बघून विचारलं, बाई बाहेरून तर चांगलं दिसतंय, मग हे खराब आहे हे कळलं कसं? मी त्याला मीटर आणि सुई दिली.

दोन आठवडे झाले. त्यात एकदा तीन तास लाईट गेली, दोन पंखे आणि दोन ट्यूब निवांत चालले. याच दोन आठवड्यांत दुकानातून दोनदा फोन आला, नवीन बॅटरी कधी पाठवू म्हणून, मी वायरचं सांगितलं तर मेकॅनिक प्रामाणिकपणे म्हणाला, "हे आमच्या लक्षातच आलं नाही ताई." परवाची ग्रॅव्हिटी कालनिर्णयवर आहे, पाच सेल १२३५ ते १२४० आणि पाचव्या नंबरचा १२२०. हा पाचवा जरा मागे आहे, एवढ्या उपवासानंतर थोडं होणारच असं भाचा म्हणतो, पण मला तो आवडलेला नाही. पुढचं माप १५ जूनला घ्यायचंय, पाणी न घालता, असं अण्णांनी स्वतःच्या हाताने डायरीत लिहून खाली रेघ मारलीय.