तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज एक्सपीवरच्या फायली नव्या लॅपटॉपवर कशा आणायच्या?

"नव्या लॅपटॉपला जुना एक्सपीवाला कॉम्प्युटर दिसतच नाही. पेनड्राइव्ह घेऊन किती येरझाऱ्या घालायच्या?" इंदुरात रामबागेतले शेजारी असोत की जेल रोडवर भेटणारे प्रेसवाले, मला हे हमखास विचारतात.

जुनं मशीन मोडीत काढा, असं मी कुणालाच सांगत नाही. इंदूरच्या छोट्या छापखान्यांत लग्नपत्रिका, स्मरणिका असं कितीतरी मराठी पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत पडून आहे, आणि ते जसंच्या तसं उघडतं फक्त त्याच मशीनवर. ते जपायलाच हवं.

दोघांचं जमत का नाही? विंडोजमध्ये फायली शेअर होतात त्या एसएमबी नावाच्या पद्धतीने. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस जगभर पसरला तो याच आवृत्तीतल्या भोकातून. ती बंद करायचं मायक्रोसॉफ्टचं आधीच ठरत आलं होतं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या विंडोज १० च्या नव्या आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती एक तर नसते, नाहीतर वापरली नाही तर काही दिवसांत आपोआप निघून जाते. म्हणून केबल, राउटर सगळं ठीक असूनही गाडी अडते. काहीजण सांगतात, लॅपटॉपवर ती पुन्हा चालू करा. मला हे अजिबात पटत नाही. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, त्याचं दार जुन्या मशीनसाठी कशाला उघडं टाकायचं?

त्यापेक्षा मध्ये तिसरं मशीन ठेवा. कोपऱ्यात पडलेला दोन जीबी रॅमचा डबाही चालेल. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम आणि तिच्यावर एसएमबीने फायली शेअर करणारं सांबा हे सॉफ्टवेअर टाका. अँड्र्यू ट्रिजेल या कॅनबेरातल्या विद्यार्थ्याने १९९१-९२ च्या सुमारास डॉसवाल्या पीसीला युनिक्स या वेगळ्या सिस्टिमवरच्या मशीनची डिस्क दिसावी म्हणून सांबाची सुरुवात केली. दोन्ही टोकांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलणारा असा दुभाषी दुसरा नाही. मात्र २०१९ च्या ४.११ पासून सांबानेही जुनी आवृत्ती आपणहून बंद ठेवली आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये 'ग्लोबल' भागात 'सर्व्हर मिन प्रोटोकॉल' पुढे 'एनटी१', म्हणजे ती जुनी आवृत्ती, असं इंग्रजीत (server min protocol = NT1) लिहावं लागतं. एक्सपीचा पासवर्ड तरीही नाकारला गेला, तर पासवर्ड तपासण्याचं 'एनटीएलएम ऑथ' (ntlm auth) हे सेटिंगही सैल करावं लागतं. पासवर्ड मात्र ठेवाच, नवं विंडोज बिनपासवर्डाच्या फोल्डरला सहसा हात लावत नाही.

एक्सपीवर आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, हाताने भरा आणि 'डीफॉल्ट गेटवे'ची चौकट कोरी सोडा. घरातल्या मशीनशी त्याचं बोलणं चालू राहतं, इंटरनेटची वाट बंद होते. लॅपटॉपवर नेटवर्कमध्ये चिन्ह दिसलं नाही तरी काही बिघडत नाही. 'रन'मध्ये दोन उलट्या तिरक्या रेघा आणि मधल्या मशीनचा आयपी टाइप करा, फोल्डर उघडतो. विंडोज ९८ असेल तर मी सरळ एफटीपी ही फायली पाठवायची जुनी पद्धत वापरतो. त्याचा १९८५ चा नियम आजही चालतो.

फाइल आली आणि उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, तर नेटवर्कला दोष देऊ नका. श्रीलिपी, कृतिदेव यांच्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले होते, प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड नव्हतं. फॉन्ट नसेल तर खालचं रोमन उघडं पडतं. तेव्हा फाइलीबरोबर फॉन्टही आणा, आणि जे पुन्हा लागणार आहे त्याची पीडीएफ जुन्याच मशीनवर काढून घ्या.