सरळ जाताना अडायचं, फाट्यावर वळताना नाही

माझं मॉडेल रेल्वेचं शंटिंगचं इंजिन एन स्केलचं आहे, म्हणजे १:१६०. रुळांमधलं अंतर ९ मिमी, चाकं चारच, आणि वीज मिळते ती रुळांतून चाकांवाटेच. तीन आठवडे ते एकाच सांध्यावर, म्हणजे सरळ वाटेतून दुसरी वाट फुटते त्या जागी, बंद पडत होतं, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘रूळ पुसा.’ पुसले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन, कापडावर काळं यायचं थांबेपर्यंत पुसले. चाकंही पुसली. ते उत्तर आठवलं की अजून चिडचिड होते. रूळ पुसणं चूक नाही, पण इंजिन दर फेरीला नेमक्या एकाच जागी थांबत असेल तर कारण बहुधा रुळावरचा मळ नसतो. मळ असला की ते कुठेही अडखळतं. (रुळांवर पॉलिशपेपर मात्र फिरवू नका. बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच बसतो.)

जागा ठरलेली, म्हणून मी सांध्यालाच धरलं. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला फ्रॉग म्हणतात. माझ्या सांध्याचा फ्रॉग प्लास्टिकचा आहे, त्यात वीज नाही. लांब इंजिनाला फरक पडत नाही, त्याची बाकीची चाकं वीज घेत राहतात. चार चाकांच्या इंजिनाचं एक चाक फ्रॉगवर गेलं की त्या बाजूला एकच चाक उरतं. एवढं कळत असूनही मी सांधा उखडला, नवा बसवला, तारा पुन्हा डाखल्या. इंजिन तिथेच थांबलं. त्या रात्री फार वैताग आला.

मग मल्टिमीटर काढला, वीज जायला वाट असेल तर त्याचा बझर वाजतो. इंजिनाची बॉडी उतरवली, ते हातात पालथं धरलं, एक टोक त्या त्या बाजूच्या मोटर टर्मिनलला आणि दुसरं एकेका चाकाला लावलं. चारही चाकांवर बझर वाजला. म्हणजे इंजिन निर्दोष, असं मी धरून चाललो, आणि इथेच माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. मोटरला वीज देणारे ब्रश पाहिले, गिअर पाहिले, धुऱ्यांना (चाकांच्या आसांना) गुंडाळलेले दोन केस चिमट्याने ओढून काढले. चाल थोडी मऊ झाली, थांबणं गेलं नाही.

खूण मात्र पहिल्या दिवसापासून समोर होती. इंजिन सरळ जातानाच थांबायचं, फाट्यावर वळताना कधीच नाही. माझा सांधा उजवीकडे फुटणारा आहे. त्यावर सरळ जाताना फ्रॉगवरून उजवी चाकं जातात, वळताना डावी. हे उमगल्यावर मी इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवलं. आता ते सरळ बिनबोभाट गेलं आणि वळताना थांबलं! दोष इंजिनाबरोबर फिरला होता. हे पहिल्याच दिवशी करा, अर्धा मिनिटही लागत नाही.

मग मीटरने सगळं नीट वाजलं कसं? वीज घेणारी फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या आतल्या बाजूला घासते. धुरी आडवी थोडी सरकते. मी मीटरचं टोक चाकावर दाबत होतो, त्या दाबाने चाक आत सरकून पट्टीला टेकत होतं. रुळावर उभं असताना ते टेकत नव्हतं. म्हणजे माझ्या तपासणीनेच दोष झाकला होता.

म्हणून इंजिन रुळावर उभं ठेवूनच तपासा. कंट्रोलरची तार आधी काढा. पुढच्या दोन्ही चाकांखाली पातळ कागद सरकवा, मीटरचं एक टोक रुळाला आणि दुसरं त्याच बाजूच्या मोटर टर्मिनलला लावा. चाकाला हात लावू नका. मग कागद मागच्या चाकांखाली घेऊन तेच करा. माझं मागचं उजवं चाक गप्प होतं. हे साध्या डीसी इंजिनापुरतंच, डिकोडर (डिजिटल संकेत घेऊन मोटर चालवणारी चिप) असेल तर मीटर मोटरला नाही, डिकोडरकडे येणाऱ्या तारांना लावायचा.

पट्टी दबली होती आणि चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा काळा थर होता. थर पुसला, पट्टी चिमट्याने केसभर बाहेर वाकवली. धुरी दोन्ही टोकांना सरकवून पाहा, दोन्हीकडे पट्टी टेकली पाहिजे. जास्त वाकवली तर तीच ब्रेकसारखी चाक अडवते. माझं पहिल्यांदा तसंच झालं आणि पट्टी परत सैल करावी लागली.

तेल सुईच्या टोकावर राहील एवढंच द्या, प्लास्टिकला चालणारंच. तो काळा थर जास्तीच्या तेलाचाच होता. आणि हे आधी सांगायला हवं होतं: एखाद्या चाकावर पकडीसाठी रबरी कडं असेल तर ते चाक वीज घेतच नाही, मोजताना त्याला सोडून द्या.

जुना सांधा परत जागेवर बसवला, त्यात काहीच बिघाड नव्हता. काल रात्री कंट्रोलर जेमतेम फिरवून इंजिन त्यावरून दोन्ही तोंडांनी, दोन्ही वाटांनी नेलं. फ्रॉगवर चाक गेलं तरी चाल तसूभर बदलली नाही, आणि मी पुन्हा पुन्हा नेत राहिलो.