तुम्ही विचारलंत म्हणून : परवडत नाही तर टेंडर भरता कशाला?

सोलापुरात माझा गणवेश शिवायचा छोटा उद्योग, सरकारी टेंडरंही भरते. म्हणून हा प्रश्न नणंदेपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांचा विचारून झालाय. महिला उद्योजकांच्या मेळाव्यात तर त्याचा जोडीदारही येतो : "तुम्हाला 3 टक्के राखीव आहे ना, मग रडता कशाला?"

आधी ते 3 टक्के घ्या. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभरातली 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची, आणि त्या 25 मधले 3 महिलांच्या उद्योगांकडून. हा खरेदीदाराचा वर्षाचा हिशोब झाला. माझ्यासाठी कुणी टेंडर बाजूला काढून ठेवत नाही. (जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, 2019 पासून महिला उद्योगांसाठी 'वुमनिया'सुद्धा आहे. हे नाव कुणाला सुचलं, देव जाणे.) अनामत माफ होते, टेंडर फी माफ होते, ते नाकारत नाही. पण रेटचं काय? एखादा मोठा एल-वन आला, म्हणजे त्याचा रेट सगळ्यात कमी निघाला, आणि माझा रेट त्याच्या वर 15 टक्क्यांच्या आत असला, तर मला विचारतात, त्याच्या रेटला देता का? म्हणजे सवलत कसली, तर त्याच्या भावात विकायची.

एकदा मी दिला. एका सरकारी कंपनीच्या कामगारांचे गणवेश होते, त्यातला चौथा हिस्सा मला. उत्तर दुसऱ्या दिवसापर्यंत द्यायचं होतं. एल-वनवाला कापड थेट मिलमधून उचलणार, मी इथे सोलापुरात व्यापाऱ्याकडून, तेही उधारीवर. कटिंग टेबलावरच कापड, मजुरी, बटणं, इस्त्री, पॅकिंग, भाडं असं सगळं मांडलं. शर्टामागे 6 रुपये सुटत होते, पैसे वेळेवर आले तर. हो म्हटलं.

माल गेला, तपासणीत पास झाला, कामगारांच्या अंगावर चढलाही. पण कंपनीच्या स्टोअरमधून सीआरएसी निघेना. माल मिळाला आणि स्वीकारला, याचा तो दाखला, त्याच्याशिवाय पोर्टलवर बिल पुढे सरकत नाही. साहेब ऑडिटमध्ये आहेत. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांची डिजिटल सही व्हायचीय. तेवढ्यात दिवाळी आली. पाटल्या गहाण ठेवून बायकांचा पगार आणि बोनस केला. ते 6 रुपये व्याजात केव्हाच गेले.

आमच्या सीएने सूक्ष्म-लघु उद्योगांचा 2006 चा कायदा समोर ठेवला. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारलाच असं धरतात, दाखला निघो न निघो. पैसे 45 दिवसांत द्यायचे, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. "समाधान पोर्टलवर टाका ताई, केस तुमचीच आहे." थकलेल्या बिलांची तक्रार तिथे करतात. मी अर्ज भरला. बिलं, चलनं, पोच, सगळं जोडलं. पाठवण्याआधी एकदा सांगून बघावं म्हणून स्टोअरला फोन लावला. तिकडचा माणूस जराही चिडला नाही. म्हणाला, "टाका ना मॅडम, तुमचा हक्कच आहे. पुढच्या वर्षी टेंडर निघेलच, तेव्हा भेटू."

अर्ज तसाच राहिला. मार्चअखेर पैसे आले, मुद्दल तेवढं. व्याजाचा मी ब्रही काढला नाही.

घाबरलात, म्हणाल. घाबरलेच. पण त्यात हिशोबही होता, तो तुम्ही कधी विचारत नाही. शाळांच्या गणवेशाचा हंगाम जुलैला उरकतो. पुढे मशिनी बसून राहिल्या की बायका विड्या वळायला जातात, सोलापुरात दुसरं आहे काय? आणि कॉलर नीट बसवणारा हात एकदा विडीकडे गेला की हंगामाला परत येईलच असं नाही. सरकारी काम मला ऑगस्ट-सप्टेंबर काढून देतं. त्यात नफा सुटतो असं मी कधीच म्हटलेलं नाही. आता हे कारण मी आधी ठरवलं होतं की अर्ज न पाठवता ठेवल्यावर सुचलं, ते मात्र छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

पूर्वी मेळाव्यात मीच माईकवर सांगायचे, बायांनो, उद्यम नोंदणी करा, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नाव लावा, जेमवर या. खोटं नव्हतं ते. अनामत माफ नसती तर माझं पहिलं काम हातून गेलं असतं. आज समोर ऐकत बसलेल्या बाईला म्हणावंसं वाटतं, आधी सहा महिने थांबण्याएवढं भांडवल आहे का ते बघ. पण ती उलट विचारेल, तेवढं असतं तर सरकारच्या दारात आले असते का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

यंदा त्याच कंपनीचं टेंडर निघालंय. थकणाऱ्या पैशांचं व्याज रेटमध्ये धरलं तर मी 15 टक्क्यांच्या बाहेर जाते, नाही धरलं तर पुन्हा पाटल्या. सोमवारपर्यंत मुदत आहे. कापडवाल्याचा भाव अजून यायचाय.